उशिरा पोचलेले पत्र : ‘पाकीजा’ आणि माफीचा हिशेब

आपल्या समाजात एखाद्या घरात पुरुषाची मय्यत झाली, की गुस्ल आणि कफन उरकल्यावर, जनाजा उठण्यापूर्वी, एक लहानसा प्रसंग घडतो. आपल्यापैकी बहुतेकांनी तो पाहिलेला असतो आणि बहुतेकांना त्यात काही वावगे वाटलेले नसते. घरातली एखादी बुजुर्ग बाई त्या नुकत्याच बेवा झालेल्या बाईला धरून मय्यतीपाशी आणते आणि म्हणते, ‘‘महर माफ किया बोल, बेटी.’’ बाई रडत असते. भोवती माणसे उभी असतात. तीस-चाळीस वर्षांच्या संसारात न मिळालेली महरची रक्कम ती हुंदक्यातच माफ करून टाकते. मग जनाजा उठतो. मरणाराचे ओझे हलके झाले, असे सगळ्यांना वाटते.

शरीयतचा हिशेब मात्र वेगळा आहे. महर हे नवऱ्यावरचे कर्ज आहे. तो मेला तर वारसांची वाटणी होण्याआधी त्याच्या मालमत्तेतून ते फेडायचे असते. बायको ते माफ करू शकते. पण राजीखुशीने, कोणाच्या दडपणाखाली नव्हे. सूरह निसाच्या सुरुवातीलाच हे सांगितलेले आहे. शिवाय हुकूकुल इबादचा, म्हणजे बंद्यांच्या एकमेकांवरील हक्कांचा नियम आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. माणसाचे माणसाकडे जे देणे असते ते ज्याचे त्यानेच माफ करावे लागते. मय्यतीसमोर उभे करून वदवून घेतलेली माफी ही माफी असते का, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षे छळतो आहे.

हा प्रश्न मला साहित्याचाही वाटतो. दुरावलेली दोन माणसे, त्यांतल्या एकाला जीवघेणा आजार, आणि त्या आजाराच्या सावलीत त्यांची पुन्हा भेट, हे कथानक आपल्या कथा-कादंबऱ्यांत आणि त्याहून अधिक सिनेमात शेकडो वेळा आले आहे. अशा कथेत आजार काय काम करतो, हे जरा नीट पाहिले पाहिजे. बहुतेक वेळा तो त्या बुजुर्ग बाईचेच काम करतो. मरण दाराशी उभे आहे, आता कसला राग धरतेस, असे तो म्हणतो. जुना हिशेब मिटतो, वाचक डोळे पुसतो आणि देणेकरी सुटतो.

दोन परिचित उदाहरणे घेऊ. शरच्चंद्रांची ‘देवदास’ १९१७ साली प्रसिद्ध झाली. दारूने पोखरलेला देवदास मरण्यापूर्वी एकदा येण्याचे पार्वतीला दिलेले वचन पाळतो आणि तिच्या सासरच्या दाराबाहेर प्राण सोडतो. भेट होत नाही. तरीही वाचकाच्या मनात देवदासचे सारे देणे फिटून जाते. त्याने पारूला वेळेवर आपली म्हटले नव्हते, तिच्या कपाळावर घाव घातला होता, हे सगळे त्या शेवटच्या बैलगाडीच्या प्रवासात धुऊन निघते. दुसरे उदाहरण श्रीधर यांच्या ‘दिल एक मंदिर’ या १९६३ सालच्या चित्रपटाचे. कर्करोगाने आजारी असलेल्या नवऱ्याला घेऊन सीता इस्पितळात येते, तर तिथला डॉक्टर तिचा पूर्वीचा प्रियकर निघतो. इथे आजार नवऱ्याला आहे आणि परीक्षा प्रियकराची आहे. तो रोग्याला वाचवतो आणि स्वतः मरून जातो. तिघांत जे अवघड होते ते एकाच्या मरणाने सोपे होते. ती सीता मीनाकुमारीने केली होती. तिच्यातली घालमेल मीनाकुमारीच्या चेहऱ्यावर जेवढी दिसते, तेवढी पटकथेत नाही.

आता ‘पाकीजा’कडे येऊ. हा लेख मुख्यतः त्याच चित्रपटाविषयी आहे, कारण वरच्या कथानकाचा सर्वांत गुंतागुंतीचा नमुना मला तिथे सापडतो. तो दोन ठिकाणी सापडतो. एक चित्रपटाच्या आत आणि दुसरा चित्रपट घडण्याच्या इतिहासात.

इतिहास थोडक्यात असा. महजबीन बानो, म्हणजे मीनाकुमारी, आणि अमरोह्याचे सय्यद अमीर हैदर, म्हणजे कमाल अमरोही, यांचा निकाह फेब्रुवारी १९५२ मध्ये गुपचूप झाला. कमालसाहेबांचा ‘महल’ १९४९ साली येऊन गाजला होता. १९५६ च्या सुमारास त्यांनी पत्नीला मध्यवर्ती ठेवून ‘पाकीजा’ सुरू केला. आधी कृष्णधवल, मग रंगीत, मग सिनेमास्कोप, असे तो रूप बदलत राहिला. १९६४ साली मीनाकुमारीने नवऱ्याचे घर सोडले आणि चित्रपट थांबला. १९६७ साली छायालेखक जोसेफ वर्शिंग वारले, १९६८ साली संगीतकार गुलाम मोहम्मद वारले. त्याच १९६८ साली मीनाकुमारी यकृताच्या आजारावर उपचारासाठी लंडनला गेली. सिरोसिसवर खात्रीचा इलाज तेव्हा नव्हता. यकृताचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण अमेरिकेत १९६७ साली झाले असले, तरी ते प्रयोगाच्याच पायरीवर होते. अशा स्थितीत मार्च १९६९ मध्ये ती पुन्हा ‘पाकीजा’च्या सेटवर आली. चित्रपट ४ फेब्रुवारी १९७२ रोजी प्रदर्शित झाला. त्याच्या आदल्या दिवशीचा पहिला खेळ मुंबईत मराठा मंदिरला झाला होता. ३१ मार्चला मीनाकुमारीचा इंतकाल झाला. माझगावच्या रहमताबाद कबरस्तानात तिची कबर आहे. १९९३ साली कमालसाहेबांनाही तिच्याशेजारीच दफन करण्यात आले.

एवढे तपशील समोर ठेवून चित्रपटाच्या आत शिरू. नर्गिस ही दिल्लीच्या कोठ्यावरची तवायफ. शहाबुद्दीन तिच्यावर जीव लावतो आणि तिला बायको म्हणून घरी आणतो. त्याचा बाप हवेलीच्या दारातच तिला नाकारतो. नर्गिस तिथून धावत निघते ती थेट कबरस्तानात पोचते. तिथेच राहते, तिथेच मुलीला जन्म देते आणि तिथेच मरते. मरण्यापूर्वी ती शहाबुद्दीनला पत्र लिहिते, की येऊन आपल्या मुलीला घेऊन जा. तिची बहीण नवाबजान येऊन मुलीला नेते आणि वाढवते. ते पत्र मात्र नर्गिसच्या सामानातच पडून राहते. पुष्कळ वर्षांनी सामान विकले जाते तेव्हा ते परक्या माणसाच्या हाती लागते आणि शहाबुद्दीनला पोचते. तोवर ती मुलगी, साहिबजान, कोठ्यावर नाचू लागलेली असते.

या पत्रावर समीक्षकांनी फारसे लिहिलेले नाही. सगळ्यांचे लक्ष दुसऱ्या पत्रावर असते. आगगाडीच्या डब्यात झोपलेल्या साहिबजानच्या पायापाशी सलीम जी चिठ्ठी ठेवून जातो, जिच्यात त्या सुंदर पायांनी जमिनीवर उतरू नये अशी विनवणी असते, ती चिठ्ठी लोकांना तोंडपाठ आहे. पण चित्रपट उभा आहे तो नर्गिसच्या पत्रावर. कथेच्या भाषेत सांगायचे तर नेहमीच्या कथेतला आजारी बिछाना इथे कबरस्तानात मांडला आहे, आणि ज्याने भेटायला यायचे तो येतच नाही. आजारपण दोघांना जवळ आणते, हे गृहीतच कमाल अमरोही पहिल्या काही मिनिटांत मोडून टाकतात.

शहाबुद्दीन दुष्ट नाही, हे लक्षात घ्यावे. अशोककुमारांनी त्याला खचलेला, मान खाली घालून वावरणारा माणूस केला आहे. तो रडतो, पस्तावतो. पत्र मिळताच तो कोठ्यावर जातो. नवाबजान त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी ये म्हणते आणि रातोरात मुलीला घेऊन लखनौला निघून जाते. तो पुन्हा उशिरा पोचतो. नवाबजानची ही कृती मला चित्रपटातली सर्वांत अर्थपूर्ण कृती वाटते. बाप आला, पस्तावला, रडला. म्हणून मुलगी लगेच हवाली करायची? ज्या बाईचे देणे होते ती कबरीत आहे. तिच्या वतीने माफी देण्याचा अधिकार मला नाही, असेच जणू नवाबजान म्हणते. महर माफ करून घ्यायला आलेल्या माणसांसमोर इथे एक बुजुर्ग बाई उभी राहते आणि नकार देते.

हीच गोष्ट पुढच्या पिढीत वेगळ्या रीतीने येते. सलीम साहिबजानला नवे नाव देतो, पाकीजा, आणि तिला मौलवीसमोर नेतो. मौलवी तिची संमती विचारतात आणि ती नाही म्हणून पळ काढते. या प्रसंगाचा नेहमीचा अर्थ असा लावतात, की ती स्वतःला अपात्र समजते, सलीमची बदनामी टाळते. तो अर्थ खरा आहे. पण अपुरा आहे. सलीमने तिला माफ केलेले आहे, आणि तिला नेमके तेच झेपत नाही. तिने काय गुन्हा केला होता की तिला माफ करावे? गुन्हा हवेलीने केला होता. हवेलीतला मुलगा हवेलीच्या बळीला पाक ठरवतो, ही उदारता आहे हे खरे. पण तिच्यात देणेकरी आणि घेणेकरी यांची अदलाबदल होते. निकाहमध्ये बाईची संमती ही केवळ रस्म नाही, ती शर्त आहे. साहिबजानने ती शर्त वापरली. आपल्या समाजातल्या किती मुलींना ‘नाही’ म्हणण्याची ती जागा खरोखर मिळते, हा प्रश्न या दृश्यानंतर मनात राहतो.

इथवर ‘पाकीजा’ मला निर्दोष वाटतो. शेवट मात्र तसा वाटत नाही. सलीमच्या लग्नात साहिबजानला मुजऱ्याला बोलावले जाते. ती फुटलेल्या काचांवर नाचते आणि पांढऱ्या चादरीवर रक्ताची पावले उमटतात. नवाबजान शहाबुद्दीनला ओळखते आणि भर मजलिशीत त्याला सांगते, की पाहा, तुझीच मुलगी तुझ्या अंगणात नाचते आहे. म्हातारा बाप नवाबजानवर बंदूक रोखतो आणि गोळी शहाबुद्दीनला लागते. मरताना तो साहिबजानचे लग्न सलीमशी लावायला सांगतो. मग कोठ्यावरून डोली उठते. म्हणजे ज्या युक्तीला चित्रपटाने अडीच तास नकार दिला, तीच शेवटच्या दहा मिनिटांत मागच्या दाराने आत येते. मरणाऱ्याचा शब्द सगळे हिशेब मिटवतो. बापाच्या रक्ताने घराण्याचा डाग धुऊन निघतो आणि म्हाताऱ्याला, हवेलीला, त्या इभ्रतीच्या कल्पनेला कोणी जाब विचारत नाही. डोली जाताना ती पाहत उभी राहिलेली कोठ्यावरची कोवळी मुलगी क्षणभर दिसते, तेवढीच एक शंका दिग्दर्शकाने शिल्लक ठेवली आहे. ती शंका मला त्या साऱ्या वरातीपेक्षा मोलाची वाटते.

आता चित्रपटाबाहेरच्या कहाणीकडे वळतो. दुरावलेले पती-पत्नी, पत्नीला असाध्य आजार, आणि अपुरे राहिलेले काम पुरे करण्यासाठी ती परत येते. या कहाणीचीही एक दंतकथा होऊन बसली आहे. सुनील दत्त आणि नर्गिस यांनी जुनी रिळे पाहून तिचे मन वळवले, तिने मानधन म्हणून फक्त एक गिनी घेतली, अशा गोष्टी सांगितल्या जातात. त्या सांगताना सांगणाऱ्याचा आवाज मऊ होतो आणि शेवटी तो म्हणतो, ‘‘अखेर प्रेमच जिंकलं.’’ दुसऱ्या बाजूला आणखी एक कहाणी फिरत असते. तिहेरी तलाक, मग पस्तावा, मग हलाला, असा तिचा मसाला असतो. तिला काही आधार नाही. कुटुंबीयांनी ती स्पष्ट नाकारली आहे. दोघे वेगळे राहत होते, पण मरेपर्यंत ती त्यांची पत्नीच होती. तरीही मुस्लिम जोडप्याचा दुरावा म्हटला की त्यात तलाक आणि हलाला असलाच पाहिजे, असे सांगणाऱ्याला वाटते आणि ऐकणाऱ्याला पटते. पहिली दंतकथा गोड आहे, दुसरी विखारी आहे. दोन्हींत मीनाकुमारी नावाच्या काम करणाऱ्या बाईला जागा नाही.

मला त्या परतण्यात माफीपेक्षा काम दिसते. ती कमालसाहेबांच्या घरी परतली नाही. ती सेटवर परतली. जिथे दोघांचे नाते सर्वांत खरे होते, तिथे ती गेली. आजार किती पुढे गेला होता हे चित्रपटातच दिसते. काचांवरच्या नाचात अंगाच्या हालचाली पद्मा खन्नाच्या आहेत आणि चेहरा मीनाकुमारीचा आहे. चांदण्यातल्या होडीच्या गाण्यात तर तिचा चेहरा जवळजवळ दिसतच नाही. एकाच पात्राच्या दोन दृश्यांत मधली बारा-तेरा वर्षे जातात. एका ठिकाणी गाल भरलेले, दुसऱ्या ठिकाणी डोळ्यांखाली सावली. रसिक याला दोष मानतात. मला ती चित्रपटातली सर्वांत प्रामाणिक नोंद वाटते. मधली वर्षे गेली, ती परत येणार नाहीत, हे कोणत्याही संवादाविना तिथे लिहिलेले आहे.

आणखी एक गोष्ट या संदर्भात महत्त्वाची आहे. मीनाकुमारी ‘नाज’ या तखल्लुसने शायरी करीत होती. १९७१ साली तिच्याच आवाजात तिच्या रचनांची ध्वनिमुद्रिका निघाली, संगीत खय्याम यांचे होते. आपल्या वह्या मात्र तिने गुलजारांच्या स्वाधीन केल्या, आणि तिच्या मृत्यूनंतर त्यांनी त्यांतून ‘तनहा चाँद’ हा संग्रह सिद्ध केला. म्हणजे पहा : चित्रपट तिने नवऱ्याला पुरा करून दिला, वह्या दुसऱ्याच्या हाती सोपवल्या. जे दोघांचे होते ते तिने दोघांत ठेवले, जे एकटीचे होते ते एकटीचे राखले. इतक्या आजारातही तिला हा फरक कळत होता. भावनेच्या भरात सगळे बख्शून टाकणाऱ्या बाईचे हे वागणे नव्हे. हे हिशेब चोख ठेवणाऱ्या बाईचे वागणे आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. कलाकृती वाचताना कलावंताच्या संसारात डोकावू नये, असे आपण नेहमी म्हणतो. मीही म्हणतो. पण ‘पाकीजा’च्या बाबतीत संसार कलाकृतीच्या बाहेर राहिलेला नाही. दिग्दर्शकाने पत्नीसाठी लिहिलेली भूमिका, तिच्या जाण्याने थांबलेले चित्रण, तिच्या आजाराने बदललेली कॅमेऱ्याची जागा, हे सगळे पडद्यावर आहे. मात्र एक पथ्य पाळले पाहिजे. जे पडद्यावर आहे तेवढेच वाचावे. रहमताबादच्या दोन कबरी शेजारी आहेत म्हणून दोघांत समेट झाला असे म्हणू नये. कबर कुठे असावी ही निवड मागे राहिलेल्याची असते. ती कमालसाहेबांची ओढ सांगते, तिचे उत्तर सांगत नाही.

एक तुलना राहून गेली. देवदास दारूने मेला आणि अमर प्रेमी ठरला. त्याच्यावर तीन पिढ्यांनी चित्रपट काढले. मीनाकुमारीही दारूनेच खंगली. तिला मात्र एकीकडे ‘ट्रॅजेडी क्वीन’ म्हणून सजवले गेले आणि दुसरीकडे ‘बाई पीत होती’ म्हणून हिणवले गेले. चित्रपटाची गर्दी वाढली ती तिच्या मृत्यूनंतर. प्रेक्षकही उशिराच पोचले. नर्गिसच्या पत्रासारखेच.

आपल्या लेखकांना यातून घेण्यासारखे बरेच आहे, असे मला वाटते. आपल्या कथांतही दुरावलेली माणसे आजारपणात भेटतात. खाडीदेशातून परतलेला नवरा, तलाक दिलेल्या बायकोच्या उशाशी आलेला म्हातारा, अशी पात्रे आपण रंगवतो, आणि शेवटच्या परिच्छेदात ‘कहा-सुना माफ’ म्हणून मोकळे होतो. तो परिच्छेद लिहिताना थोडे थांबावे. माफी मागणारा खाटेवर आहे की खाटेशेजारी? ज्याच्याकडे माफी मागितली जाते आहे त्याला ‘नाही’ म्हणायची मोकळीक आहे का? की आजाराने त्याचे तोंड बांधले आहे? हे तीन प्रश्न विचारले तर आपल्या निम्म्या कथांचे शेवट बदलतील, आणि कदाचित कथाही सुधारतील.

आणि कथेच्या बाहेरही काही बदलेल. पुढच्या वेळी जनाजा उठण्यापूर्वी कोणी एखाद्या बेवेला धरून पुढे आणू लागले, तर आपल्यातल्या एखाद्याने हळूच म्हणावे, की आज तिला रडू द्या. महरचे कर्ज आहे, ते मालमत्तेतून फेडता येते. ते माफ करायचे की नाही, हे ती इद्दत संपल्यावर, डोळे कोरडे झाल्यावर, स्वतःच्या मनाने ठरवील.